भावोजी, कौल उजवा होता

४ ऑक्टोबर. तुमच्या हॉस्पिटलच्या पिशव्या आवरायला घेतल्यात, भावोजी. शैला म्हणाली, "ताई, हे सगळं वर घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको." म्हणून पाचही पिशव्या वरच्या मजल्यावर आणल्या. रक्ताचे रिपोर्ट एका बाजूला, औषधांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला, रबरबँड लावून. न उघडलेल्या गोळ्या दुकानात परत, उघडलेल्या कचऱ्यात. तासाभराचं काम. पण स्कॅनच्या तीन फिल्म निघाल्या आणि त्यांच्यापाशी मी दुपारपासून बसले आहे.

मार्चची, मेची आणि जूनची. खिडकीच्या काचेला धरून बघितल्या. मला त्यातलं फार कळत नाही, पण डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलेलं लक्षात आहे. मार्चमध्ये गाठ सोललेल्या नारळाएवढी. मेमध्ये मोसंब्याएवढी, आणि तीही मधोमध मेलेली. जूनमध्ये पुन्हा कडेने वाढून शिरेत शिरलेली. तिन्हींत मेची फिल्म चांगली आहे. ती हातात असताना मी काय केलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही होतात तोवर तीन महिने वेळ होता. रोज तुमच्या उशाशी येऊन बसत होते. सांगितलं नाही.

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. तुम्ही किती चांगले होतात ते तिथे सगळे बोलले. मी ते पुन्हा लिहायला बसलेले नाही. तुम्ही हट्टी होतात, हे कोणी बोललं नाही एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे, तुमचे दादा, वर्षातले नऊ महिने जहाजावर असायचे. मिरकरवाड्यातला बर्फाचा कारखाना मामंजींनी तुमच्यावर टाकलेला. तिसऱ्या महिन्यात मी खाली ऑफिसात येऊन बसले आणि म्हटलं, "भावोजी, फोन मी घेते. तुम्ही फोनवर बोलता आणि लोक रागावतात." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. मला पण लोक आवडत नायत." तिथून बावीस वर्षं तुमचा कॉम्प्रेसर आणि माझा फोन. कुठल्या ट्रॉलरला किती लाद्या, कुणाला फोडून, कुणाला अख्ख्या, हे मी बघायचं. बर्फ धरतोय की नाही ते तुम्ही. कॉम्प्रेसरला तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. "ह्याला फक्त माझा हात कळतो, वहिनी." मी म्हणायचे, "मग त्याच्याशीच लग्न करायचं होतं." शैला आतून ओरडायची, "केलंच आहे! मी सवत आहे त्याची!"

आपलं दुसरं भांडण देवावरून. गावच्या देवाला कौल लावल्याशिवाय तुम्ही विहीर खणली नाहीत, शेड वाढवली नाहीत, दाढसुद्धा काढली नाहीत. देवाच्या मूर्तीवर गुरव डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावणार, गाऱ्हाणं घालणार, आणि उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ओल्या पाकळ्या त्या, एक आधी सुकते, दुसरी मागाहून. मी तुम्हाला म्हणायचे, "देवाने अमोनिया कॉम्प्रेसरचा कोर्स केलाय काय?" तुम्ही हसायचात. एकदाच चिडलात. म्हणालात, "तुम्ही नका मानू. पण दुसऱ्याचं मानणं म्हणजे मस्करी नाय, वहिनी." त्यावर मी काय उत्तर दिलं आठवत नाही. फोन वाजला असेल.

मार्चमध्ये गाठ कळली. बंदरावर लोक म्हणाले, लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार. तुम्ही तर लग्नातलं सरबतसुद्धा वास घेऊन प्यायचात. डॉक्टर म्हणाले, जुनी कावीळ आत राहून गेली असेल.

मुंबईच्या त्या डॉक्टरांनी कागदावर यकृत काढून दाखवलं, ते तुम्हाला भारी आवडलं होतं. गाठ मोठी, आहे तशी काढली तर उरलेल्या यकृतावर माणूस तगायचा नाही. म्हणून आधी जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिनीपर्यंत जायचं, तिथे औषध सोडायचं आणि ती वाहिनी बुजवून टाकायची. बाकीच्या यकृताला दुसरीकडून रक्त मिळतं, ते जगतं. गाठ उपाशी मरते, आक्रसते. मग चार-सहा आठवड्यांनी पोट उघडून कापून काढायची.

तुम्ही कागद आपल्याकडे ओढलात. "म्हणजे साहेब, लाइन चोक करायची आणि कॉइल तशीच ठेवायची."

डॉक्टर म्हणाले, "कसली कॉइल?"

"आमचा बर्फाचा कारखाना आहे."

"मग बरोबर. आणि कॉइल सुकली की काढून टाकायची."

"आणि काढली नाय तर?"

"तर कुठूनतरी गळती सुरू होते," डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हा माणूस आपल्याकडे कामाला आला असता तर तीन वर्षांत तयार झाला असता."

नळीचं काम झालं त्या दिवशी तुम्हाला सहा तास पाय सरळ ठेवून उताणं निजायला सांगितलं होतं. सहा तासांत तुम्ही पंख्याच्या आवाजावरून त्याचं बेअरिंग गेल्याचं वॉर्डबॉयला तीनदा सांगितलंत. मग ताप आला. उलट्या, उचक्या, कुशीत दुखणं. शैलाचा धीर सुटला. गावाकडून फोन, उपचार उलटले म्हणून. ते आठ दिवस मी नीट वागले, एवढं मला म्हणू द्या. दर चार तासांनी ताप लिहिला. ताप गाठ मरते त्याचा आहे, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, असं प्रत्येकाला सुनावलं. तुम्ही शैलाला म्हणालात, "वहिनी आहेत ना, मग बास." हे वाक्य मला नको असताना आठवतं.

मेच्या सुरुवातीला स्कॅन झाला. शैला तुम्हाला रक्ततपासणीला खाली घेऊन गेली होती, म्हणून डॉक्टरांच्या खोलीत मी एकटी होते. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली. खूश होते. म्हणाले, "आता काढता येईल. पुढच्याच आठवड्यात घेतो. ते जमणार नसेल तर मग माझ्याकडे थेट जूनच्या मध्यावर जागा आहे. पण तुमच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो. बुजवलेल्या वाहिनीला शेजारून नव्या वाटा फुटतात. तसं झालं तर केलेलं सगळं फुकट."

मी बाहेर आले आणि तुम्हाला सांगितलं, गाठ कमी झाली, आणि दोन तारखा दिल्यात. शेवटचं वाक्य सांगितलं नाही. तेव्हा मनात काही नव्हतं, खरंच. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. पण सांगितलं नाही, हे खरं.

तुम्ही म्हणालात, "देवाला विचारू."

मी म्हटलं, "फोन लावते गुरवाला."

"फोनवर कौल होत नाय. घरचं माणूस उभं राहायला लागतं." तुम्हाला आठवडाभर प्रवास बंद होता, शैला मुंबईत तिच्या भावाकडे तुमच्याजवळ राहणार होती. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुम्ही जाल? मस्करी न करता?"

मी गेले. मस्करी केली नाही. बुरोंडीच्या पलीकडे आपलं गाव, तिथवर एकटी गाडी चालवत गेले. धोंडूकाका गुरवांनी आंघोळ करून पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आवाज थरथरतो, पण सगळ्या घराची नावं पाठ. जवळची तारीख विचारली. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

"दिलान गो! उजवा दिलान!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोलायच्या आधी दिलान. अनंताला सांग, बिनघोर झोप टेबलावर. दुसरी तारीख विचारू काय?"

मी म्हटलं, "नको."

इथवर मी सरळ होते. देवळातून निघाले, दापोलीला पेट्रोल भरायला थांबले आणि तुम्हाला लावायच्या आधी कारखान्यात फोन लावला. सवय. कॉम्प्रेसर दोन तास बंद पडलेला, टाकीतलं मिठाचं पाणी तापत चाललेलं, साच्यातला बर्फ धरत नव्हता. बाहेर तीन ट्रॉलर खोळंबलेले. जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे, सगळ्यांनाच निघायची घाई. आपला मुकादम म्हणाला, "वहिनी, भाऊ असते तर!" तुम्ही पुढच्या आठवड्यात टेबलावर गेलात तर चार-पाच महिने कारखान्याकडे फिरकणार नव्हतात. जूनमध्ये गेलात तर तोवर खुर्ची टाकून बसलात तरी पुरे होतं.

त्या पेट्रोल पंपावर मी विचार केला, महिन्याने काय होतंय. लाइन बंद आहे तर कॉइल आणखीच सुकेल. तुमचीच उपमा घेतली मी. डॉक्टरांनी याच्या नेमकं उलट सांगितलेलं, माझ्या तोंडावर. मी अडाणी नाही, भावोजी. मला समजलं होतं. सोयीचं नव्हतं म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

तुम्हाला फोन लावला आणि म्हटलं, "पहिल्या तारखेला डावा दिला. जूनची तारीख दिलीय."

तुम्ही ते शैलाला ओरडून सांगितलंत. मग हसलात. "बघा वहिनी, देवाला पण बर्फाची काळजी. आता तरी मानाल?"

"मानते," मी म्हटलं.

ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही त्याचं नाव पुढे केलं, कारण माझ्या सांगण्यावर तुम्ही डॉक्टरांना उलट विचारलं असतंत आणि देवाच्या सांगण्यावर विचारणार नव्हतात. हे मला बोलताना ठाऊक होतं.

मेचे ते दिवस तुम्ही सुखात काढलेत, हेही खरं. कॉम्प्रेसरजवळ प्लास्टिकची खुर्ची, पायाखाली खोका, हातात काठी. काठीने दाखवायचात, हा व्हॉल्व पाव फेरा, तो अर्धा. ट्रॉलरवाले आत येऊन पाया पडून गेले. शेवटच्या दिवशी शेवटची लादी तुम्ही स्वतः काठीने ढकललीत. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं, बघ, बरोबर केलंस.

जूनमध्ये स्कॅन झाला. डॉक्टरांनी मेची फिल्म शेजारी लावली. मग म्हणाले, "शिरेत गेलीय. आता ऑपरेशन नाही होणार. मेमध्ये का नाही आलात?" ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, "साहेब, त्यांना काय विचारता. आमच्या देवाचा कौल होता." आणि वर मलाच म्हणालात, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी. तुम्ही तर मानत पण नाय."

त्यानंतर डॉक्टर एवढंच म्हणाले, मेमध्ये केलं असतं तरी खात्री देता आली नसती. त्या वाक्याला धरून मी उन्हाळ्यानंतरचे सगळे दिवस काढले. आता पिशव्या आवरताना कळतंय, खात्री नसणं आणि संधी नसणं यांत फरक आहे. तुमच्याकडे संधी होती.

आणखी एक ऐका. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेले. मी लोट्याच्या एका कंपनीतला मेकॅनिक गाठला. रजा काढून आला. दोन दिवसांत त्याला कॉम्प्रेसर कळला. दोन दिवस, भावोजी. एक व्हॉल्व बदलला आणि आता कुरकुरसुद्धा करत नाही. मे महिन्यात मी असा एक फोन केला असता तर पुरलं असतं. तुम्हाला मात्र सांगितलं की कारखाना कसाबसा चालू आहे, तुमच्यावाचून अडतंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. तसं नव्हतं. मेमध्ये तुमच्यावाचूनही चाललं असतं, हे मला मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. मी ठेवू शकते, तुम्हाला माहीत आहे. पण आता ते माझ्यापुरतं राहिलेलं नाही.

तुमच्या बाराव्या दिवशी शैलाने देव्हाऱ्यातून गावच्या देवाची तसबीर काढली आणि जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. म्हणाली, शिमग्याला पालखी आली तर आपल्या दारात थांबवायची नाही. मग मोबाईल स्पीकरवर टाकून धोंडूकाकांना लावला. मी समोर बसून वांग्याचे देठ काढत होते.

"काका, तुमच्या देवाने माझा घात केलान."

"काय बोलतेस गो शैले?"

"मेमध्ये डावा का दिलान? डॉक्टर म्हणत होते तेव्हा कापलं असतं तर माणूस हाताशी होता माझा!"

मग काका म्हणाले, "मी तर उजवा बघितला गो."

"खोटं बोलू नका ह्या वयात!"

"खोटं नाय गो बाय." मग खालच्या आवाजात, "माझंच काय चुकलं असेल. हल्ली माझ्या लक्षात राहत नाय. परवा सुनेचं नाव विसरलो."

मी समोर होते. त्यांनी मला विचारावं, ताईला विचार, ती उभी होती, असं म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी माझं नावच घेतलं नाही. शैलाने फोन ठेवला आणि म्हणाली, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय." मी म्हटलं, "वांगी भरून करू की रस्सा?"

काल गावाहून कळलं, धोंडूकाकांनी कौल लावणं सोडलं. पुतण्याच्या हातात पाकळ्या दिल्यात. म्हणतात, माझ्या डोक्याचा भरवसा नाही, माझ्यापायी एक माणूस गेला.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते मी विचारत नाही. तुम्ही मला सोडून दिलं असतंत, आणि तेच मला नको आहे. तुम्हाला आता जे सांगितलं त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, तेही कळतं. फिल्म मी गुंडाळून ठेवल्यात. टाकत नाही. वरची दोन पानं लिहिताना चारदा उठले, गॅस पुसला, पाणी भरलं, कारखान्यात विनाकारण फोन केला. एरवी मी काम सुरू केलं की उठत नाही. जिना बारा पायऱ्यांचा आहे आणि शैला खाली आहे.

५ ऑक्टोबर. सकाळी साडेसहाला खाली गेले. शैला चुलीपाशी पाणी तापवत होती. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. देऊळ, पाकळी, पेट्रोल पंप, सगळं. डॉक्टरांचं न सांगितलेलं वाक्यही. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर उरलेलं राहिलं असतं.

तिने लाकूड मागे ओढलं. विचारलं, "ह्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही."

मला वाटलं होतं, ओरडेल, मारेलसुद्धा. ती आत गेली, साडी बदलून आली, माळ्यावरून ती साडीत गुंडाळलेली तसबीर काढून काखेत घेतली. म्हणाली, "गाडी काढा. काकांना माझ्यासमोर सांगायचं." वाटेत साडेतीन तास तसबीर तिच्या मांडीवर होती.

धोंडूकाका अंगणात सुपारी फोडत होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, शेजारची माणसं दारात आली. काकांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे उजवाच होता?"

"उजवाच होता, काका."

"गाऱ्हाणं संपायच्या आधी पडला?"

"संपायच्या आधी."

"मग माझं डोकं बरोबर आहे," काका म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. सुनेला हाक मारली. नावाने मारली. "ऐकलास काय गो? माझं डोकं बरोबर आहे!" मग त्यांना आठवलं, आपण कशावर हसतोय, आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

शैलाने तसबीर त्यांच्या ओसरीवर ठेवली. परत घेतली नाही. त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच रस्त्याला लागली. मी गाडीचं दार उघडलं तर म्हणाली, "तुम्ही जा." दहा मिनिटांनी दापोलीची एसटी आली. ती चढली, डाव्या बाजूच्या खिडकीशी बसली.

मी गाडी एसटीच्या मागे घातली. रस्ता रिकामा होता, पुढे जायला तीनदा जागा मिळाली. गेले नाही. प्रत्येक थांब्यावर ती थांबली की मी थांबत होते, धूर खात, दापोलीपर्यंत.